मागची गाडी

आमच्या फाटकाची कडी कधीच मोडलेली नव्हती. शेजाऱ्यांना, पाववाल्याला, मुलाच्या मित्रांना, सगळ्यांना वाटायचं की ती मोडकी आहे, म्हणून फाटक नुसतं लोटलेलं असतं. मी कुणाची समजूत काढायला गेले नाही. ह्यांनी फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं, "फाटक लावायचं नाही," आणि ते का, हे मला माहीत होतं. त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही.

नात आली त्या दिवशीही फाटक तसंच होतं. तिने ते पायाने ढकललं, कारण दोन्ही काखांत नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. मागून तिचा नवरा आला. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, आणि एकदा तिला भेटलात की का म्हणतो ते विचारावं लागत नाही. नवरा दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं, म्हणून घरी आल्यावर स्वतःचं मिटून बसतो, असं भिंगरी म्हणते. मला तो आवडतो. घरात एक जण तरी ऐकणारा हवा.

"आजोबा, वाळवंटात जायचंय," भिंगरी चपला न काढताच म्हणाली. "लाल डोंगर, कमानी, घळी, तिन्ही राष्ट्रीय उद्यानं. माझ्या गाडीत मी आणि माझी मैत्रीण, तंबू आणि सामान घेऊन हा मागच्या गाडीत. रस्ता तुम्ही आखून द्यायचा."

हे खिडकीशी बसले होते. कपाळावर चष्मा, आणि मांडीवर हात फिरवून चष्मा शोधणं चाललेलं. अलीकडे असंच असायचं. जेवलो का, असं जेवण झाल्या झाल्या विचारायचे. पण "वाळवंट" हा शब्द ऐकला आणि त्यांची मान अशी वर आली की मला वाटलं, आता उठून जीपची किल्ली मागतील.

तरुणपणी हेच त्यांचं काम होतं. लोकांना जीपमधून वाळवंटात घेऊन जायचं आणि सगळ्यांना धडधाकट परत आणायचं. प्रवासी त्यांना कप्तान म्हणत. पुढची जीप ह्यांची, मागची भावजींची, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाची. आता जिथे सोफा आहे तिथे आमचं ऑफिस होतं. भिंतीवर नकाशांच्या टाचण्यांची भोकं अजून आहेत; रंग दिला तरी ती बुजत नाहीत. फोन मी घ्यायचे, खाण्याचे डबे मी भरायचे, पाण्याचे कॅन मी घासायचे. सफरीहून जीप परतल्या की गाद्यांच्या शिवणींतली लाल वाळू जुन्या दाताच्या ब्रशने काढायचे. ती वाळू कधीच पूर्ण निघाली नाही. आजही एखादं जुनं कपाट सरकवलं की खाली एक लाल रेघ सापडते.

"टेबल रिकामं करा," हे म्हणाले.

भिंगरी नकाशा उलगडायला लागली तर त्यांनी हातानेच तो बाजूला सारला. "हे राहू दे. कागदाला उतार कळत नाही."

मग त्यांनी जुन्या सवयीने टेबल मांडलं. मीठदाणी म्हणजे पहिल्या उद्यानाची चौकी. साखरेचा डबा म्हणजे कमानींचा डोंगर. आमच्या टेबलाच्या फळीला लांबच लांब चीर गेली आहे, ती म्हणजे घळ. प्रवाशांनाही ते ह्याच टेबलावर समजावून सांगायचे. कुठे चाकांतली हवा कमी करायची, कुठे पाणी भरून घ्यायचं, कुठल्या चढाला गिअर बदलायचा नाही, सगळं एका दमात सांगत गेले. भिंगरी तोंडाचा आ करून बघत होती. सकाळी शर्टाची बटणं उलटसुलट लावणारा माणूस हाच का, असं तिच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं.

"इथे फाटा," ते म्हणाले आणि चिरेच्या तोंडाशी बोट ठेवलं. "एक रस्ता घळीतून, जवळचा. एक वरून, कड्याकडेने, लांबचा. तुम्ही वरून जायचं. घळीत उतरायचं नाही."

"का पण? घळच तर बघायची आहे," भिंगरी म्हणाली.

"वरून बघ. डोळे वर ठेवूनही खालचं दिसतं."

मला हायसं वाटलं. रस्ता बरोबर आखला होता. मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात ते डॉक्टरकडे वळले. "दातवाले, तुम्हाला दगड वाचता येतात का?"

माझा हात किटलीवरच राहिला.

"कसले दगड, आजोबा?"

"फोन तिथे चालत नाही. आणि दुसऱ्या गाडीने पहिलीची धूळ खायची नाही. धूळ बसेपर्यंत मागे थांबायचं, म्हणजे पुढची दिसेनाशी होते. मग ती कुठे वळली हे कसं कळणार? तर पुढच्याने फाट्यावर उतरायचं. ज्या रस्त्याला वळायचं त्या अंगाला दगडांची उतरंड रचायची. खाली मोठा, मग मधला, वर धाकटा. धाकटा पांढरा घ्यायचा, लांबून दिसतो. मागच्याने यायचं, तिकडे वळायचं आणि जाता जाता उतरंड पाडायची."

"पाडायची का?"

"उभी असली तर मागची गाडी अजून यायची आहे. पडलेली असली तर येऊन गेली. पुढचा माणूस काळजीने बघायला परत आला तर त्याला समजायला नको?"

बोलता बोलता त्यांनी तीन वाट्या उचलून चिरेच्या तोंडाशी एकावर एक ठेवल्या होत्या. वरच्या अंगाला. भिंगरीने टाळी वाजवली. "हे कसलं भारी आहे! आपण असंच करायचं."

"करा," हे म्हणाले. "मी भावालाही सांगून ठेवतो. तो मागे असतो, त्याला घाई नसते."

भिंगरी हसली. तिला वाटलं, आजोबांनी गंमत केली. डॉक्टर हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून जाण्याच्या दिवसापर्यंत टेबल आवरता आलं नाही. जेवण आम्ही मांडीवर ताटं घेऊन उरकलं. मी सकाळी उठून वाट्या फडताळात ठेवायचे आणि चहा गाळून मागे वळते तो त्या परत चिरेच्या तोंडाशी असायच्या. कधी वरच्या अंगाला, कधी खालच्या. खालच्या अंगाला दिसल्या की मी त्या बोटाने वर सरकवायचे. एकदा हे बघत होते. "हात लावू नकोस गं," इतकंच म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी मीच भिंगरीला मागच्या पडवीत बोलावलं. पाण्याचे जुने कॅन घासायचे आहेत, हे निमित्त. कॅनमध्ये मूठभर तांदूळ आणि पाणी घालून खळखळ हलवलं की आतला गाळ सुटतो. ती हलवत होती, मी ओतत होते.

"ते दगड रचायचं राहू दे," मी म्हणाले.

"का गं आजी? आजोबा किती खूश झालेत बघ."

"तुझे धाकटे आजोबा कसे गेले, माहीत आहे तुला?"

"सफरीवर अपघात झाला ना?"

"अपघात म्हणजे काय झालं, ते कुणी सांगितलं?"

तिने कॅन खाली ठेवला. मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच आणि घाईघाईने, कारण हे पुढच्या खोलीत होते.

त्या दिवशी प्रवासी नव्हते. पलीकडच्या मुक्कामावर नुसतं सामान पोचवायचं होतं. असं असलं की दोघे भाऊ घळीतून जायचे, जवळ पडायचं म्हणून. वर आकाश स्वच्छ होतं. पण फाट्यावर ह्यांना लांबच्या डोंगरावर काळं दिसलं. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी इकडे येतं, कोरड्या ऊन पडलेल्या घळीत, एखादा लोंढा सोडावा तसं. म्हणून ह्यांनी वरच्या रस्त्याच्या अंगाला उतरंड रचली आणि वरून गेले. मुक्कामावर थांबले. भावजी येईनात. तेव्हा हे उलट फाट्यापर्यंत आले. उतरंड पडलेली होती.

"म्हणजे धाकटे आजोबा वर वळले होते," भिंगरी म्हणाली.

"ह्यांनाही तेच वाटलं. उतरंड पडली म्हणजे मागची गाडी वर गेली. मग अंधार पडेपर्यंत हे वरचा रस्ता शोधत राहिले. प्रत्येक वळणाला उतरून खाली डोकावत राहिले. आणि भावजी कधी वर वळलेच नव्हते. ते आले तेव्हा उतरंड आधीच पडलेली होती. वाऱ्याने पाडली, हरणाने पाडली, कुणा रिकामटेकड्याने लाथ मारली, देव जाणे. खूण दिसली नाही म्हणून ते नेहमीसारखे घळीत उतरले."

तिच्या हाताला तांदळाचे दाणे चिकटले होते.

"जीप सापडली," मी म्हणाले. "भावजी सापडले नाहीत. हे घरी आले, इथे ह्याच पायरीवर बसले आणि म्हणाले, उतरंड पडली होती गं. मग म्हणाले, फाटक लावायचं नाही. त्यानंतर काही नाही."

"आणि आता ते म्हणतात, भावाला सांगून ठेवतो."

"हो."

भिंगरी एरवी कुणाचं ऐकत नाही. पण त्या दिवशी तिने माझा ओला हात धरला आणि वचन दिलं. दगड रचायचे नाहीत. प्रत्येक फाट्यावर मागच्या गाडीसाठी थांबायचं, धूळ खावी लागली तरी चालेल. आणि घळीत उतरायचं नाही. तिला काही झालं तर ह्या घराने दुसऱ्यांदा त्या फाट्यावरून रिकाम्या हाताने परत यायचं, हे मला झेपणारं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. म्हातारपणी माणूस आडवळणाने बोलत बसत नाही.

निघायच्या सकाळी हे फाटकापर्यंत गेले. भिंगरीच्या हातात त्यांनी काहीतरी ठेवलं आणि तिची मूठ मिटवली. मी जवळ गेल्यावर तिने मूठ उघडून दाखवली. गुळगुळीत पांढरा दगड होता, बोराएवढा नव्हे, चांगला लिंबाएवढा. हा इतकी वर्षं कुठे ठेवला होता, मला ठाऊक नाही. घरातली प्रत्येक वस्तू मी माझ्या हाताने पुसलेली आहे.

"धाकटा," हे म्हणाले. "वर ठेवायला."

"ठेवीन हं," भिंगरी म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच नाही म्हणाली. दगड तिने गाडीतल्या समोरच्या कप्प्यात टाकला.

पहिले दोन दिवस फोन आले. कमानी बघितल्या, मैत्रिणीची टोपी उडाली, डॉक्टरने तंबू उलटा ठोकला आणि कबूल केलं नाही. मी ह्यांना सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगत होते. हे ऐकत होते आणि टेबलावरच्या वाट्या पुढे सरकवत होते. दुसऱ्या संध्याकाळी वाट्या चिरेच्या तोंडाशी पोचल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी बटण दाबून तो टेबलावर ठेवला, म्हणजे ह्यांनाही ऐकू येईल.

"आजी, आम्ही फाट्यावर आहोत. शेजारच्या टेकाडावर जरा रेंज येतेय. हा पण आलाय मागून, इथेच उभा आहे. तू म्हणालीस तशी मी थांबले होते."

"शहाणी आहेस. आता वरून जा."

"जातोच आहोत. पण आजी, इथे उतरंड आहे."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण थट्टा करताना भिंगरीचा आवाज असा खाली येत नाही.

"लोक रचतात गं," मी म्हणाले. "फोटो काढायला रचतात. आजकाल सगळीकडे रचतात."

"मीही तेच म्हटलं. पण तीनच आहेत. मोठा, मधला, आणि वर पांढरा. मी आधी गाडीत जाऊन आपला बघितला. आपला कप्प्यातच आहे." ती थांबली. "आणि घळीच्या अंगाला रचलेत."

हे खुर्चीत पुढे झाले. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा इतका लख्ख मी बघितला नव्हता. "डोंगराकडे काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आजोबा. आकाश निळं आहे."

"डोंगराकडे बघ म्हटलं."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग डॉक्टरचा आवाज आला, लांबून. "अगदी मागे जरासं काळं आहे."

"मैत्रीण म्हणतेय, पाच मिनिटं खाली उतरून बघू या," भिंगरी म्हणाली. "कुणीतरी आत्ताच रचलेत, म्हणजे रस्ता चालू असेल, असं तिला वाटतंय."

"भिंगरे," मी म्हणाले, "तू मला पडवीत काय सांगितलं होतंस?"

"नाही उतरत, आजी. शप्पथ. पण ह्या दगडांचं काय करू? पाडू?"

"पाडू नको," हे म्हणाले. "मागची गाडी यायची आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, चिरेकडे बघत होते. आणि मला उमगलं की दोन्हीकडून पंचाईत आहे. उतरंड तशीच सोडली तर पुढचा कुणी वाटसरू तिच्या भरवशावर घळीत उतरेल. पाडली तर पुन्हा कुणीतरी खूण नसलेल्या फाट्यावर येऊन उभा राहील. एका पडलेल्या उतरंडीवर आमचं घर इतकी वर्षं उभं होतं. दुसरी मला पाडायची नव्हती.

"पाडू नकोस आणि ठेवूही नकोस," मी म्हणाले. "एकेक उचल आणि वरच्या रस्त्याच्या अंगाला रच. तशीच. मोठा, मधला, धाकटा. आणि मग तिथे क्षणभर थांबू नका."

दगडावर दगड ठेवल्याचा आवाज फोनमध्ये ऐकू आला. तीनदा. इकडे ह्यांनी वाट्या उचलल्या आणि वरच्या अंगाला ठेवल्या.

"बरोबर," हे म्हणाले. "मी अश्शीच रचली होती."

संध्याकाळी वरच्या मुक्कामावरून फोन आला. ह्या वेळी डॉक्टर बोलला, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. ते कड्यावर पोचून चहा करत होते तेव्हा खालून आधी ओल्या मातीचा वास आला, मग ट्रक यावा तशी घरघर. घळीत काठोकाठ तांबडं पाणी होतं. झाडं वाहत होती. मैत्रीण तेव्हापासून रडते आहे. भिंगरी ठीक आहे, पण बोलत नाही.

"भिंगरी बोलत नाही?" मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला. "मलाच बोलावं लागतंय."

मी हसले आणि मग मला बसावं लागलं.

ते परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधी भिंगरीची गाडी आली, मग बऱ्याच वेळाने, धूळ बसल्यावर, डॉक्टरची. दोन्ही गाड्या अंगणात लागल्या. मी भिंगरीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं. तिच्या केसांत लाल वाळू होती. मैत्रिणीला वाटेत तिच्या घरी सोडलं होतं. चहा झाला, पाव झाले, सगळे टेबलाशी बसले. वाट्या अजून तिथेच होत्या. त्यांच्या भोवतीने कप ठेवले.

"परत येताना फाट्यावरूनच आलो," भिंगरी म्हणाली. तिने आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सांगू का नको, असं तिचं चाललं होतं.

"मग?" हे म्हणाले.

"उतरंड पडली होती, आजोबा. पांढरा दगड वरच्या रस्त्याच्या मधोमध होता."

"पाण्याने पडली असेल," मी म्हणाले.

"पाणी तिथपर्यंत चढलेलंच नव्हतं. आणि पूर आल्यापासून चौकीदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांना साखळ्या लावल्या होत्या. आमच्यासाठी काढली, तेवढीच. त्याला विचारलं, दगड तुम्ही पाडले का. तर म्हणाला, मी कशाला तिकडे मरायला जातो?"

डॉक्टरने कप खाली ठेवला.

"चाकांच्या खुणा होत्या," तो म्हणाला. "ओल्या गाळात. घळीतून वर आलेल्या आणि वरच्या रस्त्याला लागलेल्या. मी उतरून बघितलं. अरुंद चाकं आहेत. आजकालच्या गाड्यांची नसतात तेवढी अरुंद."

ह्यांनी मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. त्यांनी बोटाच्या टोकाने वाट्यांना हलकेच धक्का दिला. वाट्या टेबलावर गडगडल्या. एक खाली पडून बराच वेळ फिरत राहिली. मग ते उठले, फडताळातून आणखी एक कप काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि टेबलावर ठेवला.

"वरचा रस्ता लांबचा आहे," ते म्हणाले. "पण आता पोचेल."

भिंगरी माझ्या कानाशी आली. लहानपणी अंधाराला भिऊन यायची तशी. "आजी, फाटकाची कडी लाव ना."

मी उठले. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले. कडी इतकी वर्षं वापरली नव्हती, ती गंजाने घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे हलली. भावजींचा चेहरा मला आठवत होता. मी ऑफिसात फोनवर असले की ते खिडकीतून तोंड घालून वाकुल्या दाखवायचे. तो चेहरा तरुण होता. मी आता त्यांच्या आजीच्या वयाची दिसत असेन.

आमच्या दोन्ही गाड्या अंगणात उभ्या होत्या. त्यांची धूळ केव्हाच खाली बसली होती. आणि रस्त्याच्या पार टोकाला, वळणापाशी, धूळ उठलेली दिसत होती. लाल. सावकाश इकडे येणारी, घाई नसलेली.

आतून हे म्हणाले, "आला का गं?"

मी कडीवरचा हात काढला. फाटक नुसतं लोटून ठेवलं आणि घरात येऊन किटली परत गॅसवर चढवली.